युसराचे हात

भूम
२ जुलै २०२४

प्रिय युसरा,

तुझ्या नंबरावर फोन केला तर तुझे कलीम मामू बोलले. मी नाव सांगायच्या आतच त्यांनी विचारलं, "कुठं झालाय अपघात? किती जण अडकलेत?" मी म्हटलं, अहो, अपघात नाही, मी तिची चौथीची बाई, प्रमोदिनी. तर म्हणाले, "मग नंतर करा, लाइन मोकळी ठेवावी लागती." म्हणून हे पत्र. पोस्टमन तरी तुझ्याच हातात देईल.

जळकोटची शाळा सोडून आता बरीच वर्षं झाली. इथं भूमला मी मुख्याध्यापक आहे, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. तुझ्या अब्बांवर ट्रक पडला आणि नववीतल्या पोरीनं तो दोन हातांनी उचलून धरला, हे पेपरात वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटलं नव्हतं. मग हायवेवरचे व्हिडिओ यायला लागले. ती उलटलेली बस तू एका बाजूनं वर केलीस आणि खालून माणसं सरपटत बाहेर आली, तो तर मी शाळेत सगळ्यांना दाखवला. "ही माझी विद्यार्थिनी," म्हटलं. माझ्या वर्गात वहीवर शाई सांडली तरी तुझ्या डोळ्यांत पाणी यायचं. ती तूच का, असं मीच स्वतःला विचारते.

पंधरा ऑगस्टला आमच्याकडं ये. मैदानाच्या कडेला एक जुना टेम्पो गंजत पडलाय. तो उचलून दाखवलास तर पोरं जन्मभर विसरायची नाहीत.

अब्बांना नमस्कार सांग.

तुझी,
प्रमोदिनीबाई


जळकोट
११ जुलै २०२४

बाई, सलाम.

तुमचं अक्षर बघूनच वळखलं. पाकीट उघडायला मात्र लई येळ लागला. आतला कागद फाटंल म्हणून भ्या वाटत होतं. हल्ली माझ्या हातून वस्तू तुटतेत. कपाचा कान, दाराची कडी, गेल्या आठवड्यात अम्मीचा चष्मा. पेन पण लई हलकं धरावं लागतं, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. तुम्ही शिकवलं होतं तसं शुद्ध लिहायचं पण राहून गेलं.

पेपरात आलं ते खरं हाय. अब्बांच्या पंक्चरच्या दुकानात मी डबा घेऊन गेले होते. जॅक सटकला. पुढचं मला आठवत न्हाय, लोकांनी सांगितलं. हात ट्रकखाली गेले आन ट्रक हलका झाला एवढंच ठाऊक हाय. अब्बा वाचले, पण कमरंखालचं सगळं गेलं. तवापासून कुठं कुणी गाडीखाली सापडलं की लोक मामूंना फोन करतेत आन मामू मला घेऊन जातेत. मामू वाईट न्हायत. पण ते "चल" म्हणले की मी ताटावरून उठते, वर्गातनं उठते, झोपेतनं उठते.

एक सांगू का? कुणाला सांगू नका. अब्बांना खाटेवरून खुर्चीत बसवायचं असलं की ते शेजारच्या शंभूकाकांना हाक मारतेत. काकांना दमा हाय. उचलताना त्यांची छाती भरून येती. मी तिथंच उभी असते. एकदा मी पुढं झाले तर अब्बा म्हणले, "रहने दे बेटा," आन खाटेची कड घट्ट धरली. तोंडानं बोलत न्हायत, पण त्यांना माझ्या हातांचं भ्या वाटतं. माझ्या हातात तो ट्रक त्यांनी खालून बघितलाय.

पंधरा ऑगस्टला येते. तुम्ही बोलावलंय म्हणल्यावर येणारच.

युसरा


भूम
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय युसरा,

तीन दिवस झाले तरी शाळेत दुसरा विषय नाही. टेम्पो तू छातीपर्यंत उचललास तेव्हा पहिलीतली पोरं तर ओरडायचंही विसरली. शिक्षणाधिकारी कार्यालयातले साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही घडवलीत हिला." मी घडवलेलं नाही हे मला ठाऊक आहे, पण त्या दिवशी ऐकायला बरं वाटलं.

त्याहून जास्त मला तुझी नम्रता आवडली. गुच्छ द्यायला ती चिमुरडी आली तेव्हा तू हात ओढणीत घेतलेस आणि मान खाली घातलीस. जेवायलाही सगळ्यांच्या मागं, एकटीच कोपऱ्यात बसलीस. एवढी ताकद असून एवढा साधेपणा! मी दुसऱ्या दिवशी परिपाठात मुलांना तेच सांगितलं.

तुझं नाव शौर्य पुरस्कारासाठी पाठवायचं ठरतंय. एक छोटं आत्मकथन लिहून पाठव. "मला भीती वाटत नाही" असं काहीतरी त्यात असू दे, मुलांना उभारी येते.

प्रमोदिनीबाई


भूम
६ ऑक्टोबर २०२४

युसरा,

तुझं पत्र नाही. अभ्यास असेल, समजू शकते. पण पुरस्काराची तारीख जवळ येतेय आणि साहेब दोनदा विचारून गेले. अगं, कंटाळा करून कसं चालेल? आता तू एकट्या जळकोटची राहिली नाहीस, सगळा जिल्हा तुझ्याकडं बघतोय. निदान दोन ओळी तरी लिही.

प्रमोदिनीबाई


जळकोट
१५ ऑक्टोबर २०२४

बाई,

पुरस्कार नको. माझं नाव काढून टाका.

आन ती नम्रता नव्हती. त्या लहान पोरीचं बोट माझ्या हातात येऊ नये म्हणून मी हात ओढणीत घातले होते. तिच्या आईनं पण तिला मागं ओढली होती. तुम्ही बघितलं न्हाय.

युसरा


भूम
१० नोव्हेंबर २०२४

युसरा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला राग आला होता. आज स्वतःचा येतोय.

आमच्या शाळेतले मल्लिकार्जुन सर इथून जवळच्या वाशीकडचे. काल डबा खाताना ते सहज बोलून गेले, सप्टेंबरमध्ये त्यांच्या गावची जीप देवदर्शनाहून परतताना जळकोटजवळ उलटली, त्यातल्या पोरीचा हात गेला, आणि तो गाडीनं नाही, वाचवणाऱ्या मुलीनंच मोडला. मग त्यांनी मोबाईलवर तो व्हिडिओ दाखवला. मी पूर्ण बघू शकले नाही. खाली लोकांनी काय काय लिहिलंय ते मात्र वाचलं. तू वाचू नकोस. बहुतेक वाचलंच असशील.

त्या दिवसांत मी तुला आत्मकथन मागत होते. भीती वाटत नाही असं लिही म्हणत होते.

आता काहीच मागत नाही. एवढंच विचारते, जेवतेस का? झोप लागते का? वर्गात तुझ्या शेजारी कोण बसतं?

तुझी बाई


जळकोट
२४ नोव्हेंबर २०२४

बाई, सलाम.

शेजारी कुणी बसत न्हाय. बाक मोकळा असतो. कुणी वाईट बोलत न्हाय, पण वही मागायची असली तर बाकावर ठेवतेत, हातात देत न्हायत.

तुम्ही विचारलंत म्हणून त्या दिवशीचं सांगते. जीप रस्त्याच्या खाली एका कुशीवर पडली होती. मोठी माणसं आधीच बाहेर आली होती. आत एकटी श्रिया राहिली होती, तिसरीतली. दरवाजा तिच्या पायावर दाबला गेला होता आन डिझेलचा वास सुटला होता. वरून लोक ओरडत होते, "लवकर, लवकर, पेटंल!" मामू मोबाईल घेऊन उभे होते. एका हातानं मी जीप वर धरली आन दुसऱ्या हातानं तिचा हात पकडला. ती रडत होती. मी म्हणलं, "काय होत न्हाय, काय होत न्हाय." आन ओढलं. मला वाटलं मी हळू ओढलं. मग मुठीत आवाज आला, बाई. सुकलेली काटकी मोडल्यासारखा. ती किंचाळली तरी मी सोडलं न्हाय, कारण सोडलं असतं तर ती परत खाली गेली असती. बाहेर काढली तवा तिच्या मनगटाचा आकारच राहिला नव्हता. जीप काय पेटली न्हाय.

सोलापूरला ऑपरेशन झालं म्हणतेत. तिच्या घरच्यांनी तक्रार पण केली न्हाय. केली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर मामूंनी "चल" म्हणलं तवा मी दाराला कडी लावून बसले. तीनदा असं झालं. तिसऱ्या येळंला धाब्याजवळ मोटरसायकलवाला टँकरखाली गेला. लोक दुकानात बोलत होते, युसरा आली असती तर वाचला असता. मामू घरी येऊन नुसते पाणी प्याले आन बसून राहिले. गेले तर हात मोडतेत, न गेले तर माणसं मरतेत. रात्री मी हात उशाखाली घालून झोपते.

तुम्ही घडवलं असतं तर मी अशी झाले नसते.

युसरा


भूम
१२ डिसेंबर २०२४

युसरा,

तुझ्या पत्रावर शहाण्यासारखं काही लिहायचा मी खूप प्रयत्न केला. तीन कागद फाडले.

नाताळच्या सुट्टीत दोन दिवस माझ्याकडं राहायला ये. कार्यक्रम नाही, पोरं नाहीत, साहेब नाहीत. मी इथं एकटीच असते. मुलगा उत्कर्ष पुण्याला, रविवारी त्याचा फोन येतो. दोघी भाकरी थापू. कप फुटले तर फुटले, माझ्याकडं स्टीलचे पेले आहेत.

मल्लिकार्जुन सरांकडून श्रियाच्या आजोबांचं नाव मिळालं, हणमंतप्पा. वाशीपासून जवळच त्यांची वस्ती आहे. जायलाच हवं असं मी म्हणत नाही. फक्त ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

तुझी बाई


जळकोट
८ जानेवारी २०२५

बाई,

तुमच्याकडं यायला म्हणून निघाले आन वाशीला उतरले. घरी पण सांगितलं नव्हतं. एसटीत हात मांडीखाली घेऊन बसले होते. वाशीत उतरल्यावर परत जावं असं लई वाटलं. तरी हणमंतप्पांची वस्ती विचारत गेले.

दारात श्रियाची आई होती, नीरजाताई. त्यांनी मला लगेच वळखलं. "या" म्हणल्या न्हायत, "जा" पण म्हणल्या न्हायत. आजोबा शेतात आगटी पेटवून हुरडा भाजत होते, श्रिया तिथंच बसली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन पोत्याची घडी सरकवली. मी बसले.

तिच्या हातावर मनगटापासून वर लांब व्रण हाय. दोन बोटं मिटत न्हायत. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनंच विचारलं, "तुला तवा भ्या वाटलं होतं का?"

मी म्हणलं, "व्हय. लई."

"मग तू 'काय होत न्हाय' का म्हणलीस? मला वाटलं खरंच काय होत न्हाय."

बाई, तिला हात मोडल्याचा एवढा राग न्हाय. खोटं सांगितल्याचा हाय. मी म्हणलं, "मला पण ठाऊक नव्हतं काय होणार ते." तिनं काडीनं राख उकरली. मग म्हणली, "आसं सांगायचं मग."

आजोबांनी गरम कणीस राखेतनं काढलं. ते चोळायला दोन तळवे लागतेत आन श्रियाला ते जमत न्हाय. त्यांनी कणीस तिच्यापुढनं नेऊन माझ्या हातात दिलं. पहिलं चोळलं तर पीठच झालं. श्रिया म्हणली, "ह्ये तर आंबील करायला झालं!" आजोबांनी दुसरं दिलं. त्यातले पण निम्मे दाणे चिरडले. मग मी डोळे मिटून, दाणा चिरडणार न्हाय एवढंच हलकं हलकं चोळत बसले. किती कणसं झाली ठाऊक न्हाय. शेवटी तळव्यावर हिरवे दाणे तसेच्या तसे राहिले, अख्खे. श्रियानं ते माझ्या हातावरनंच उचलून खाल्ले. तिची बोटं माझ्या तळव्याला लागत होती आन मी श्वास धरून बसले होते.

निघताना नीरजाताई कुंपणापर्यंत आल्या. म्हणल्या, "परत येऊ नका आसं न्हाय. पण आधी सांगून या. तुम्हाला अचानक बघितलं की मी आधी पोरीला शोधते."

त्यानंतर कुणाशी बोलावंसंच वाटेना. म्हणून भूमला न येता मिळंल त्या गाडीनं घरी आले. तुम्ही वाट बघितली असंल का?

युसरा


भूम
१६ जानेवारी २०२५

युसरा,

हो, बघितली. स्टँडवर बसले होते. वाशीकडची गाडी आली की उठायची आणि परत बसायची. शेवटी पानटपरीवाला म्हणाला, "मॅडम, येणारं माणूस फोन करतं की हल्ली." वांग्याची भाजी दोघींची केली होती, ती दुसऱ्या दिवशीही खाल्ली.

पण तू वाशीला उतरलीस ते बरं केलंस. माझ्याकडं आली असतीस तर मी तुला नुसतं जेवू घातलं असतं.

तो टेम्पो तू मुलांसाठी उचललास असं मी सगळ्यांना सांगते. मुलांना काय, त्यांना एखादा जादूगारही चालला असता. मला हवं होतं की निवृत्तीआधी माझ्या नावाला काहीतरी चिकटावं. हे तुला सांगितल्यावर तू पुन्हा लिहिशील की नाही, माहीत नाही. वाट बघायची सवय आहे मला.

परीक्षा नीट दे.

तुझी बाई


जळकोट
१९ मार्च २०२५

बाई, सलाम.

बारावीचे पेपर बरे गेले. रोजे चालू हायत. अब्बांना मी तोंडानं विचारलं, "मी उचलू का?" ते म्हणले, "ईद के बाद देखेंगे." म्हणजे अजून शंभूकाकाच येतेत.

मामूंशी पण बोलले. म्हणलं, मी येईन, पण परीक्षेतनं, ताटावरनं उठून येणार न्हाय. आन मी फक्त उचलणार, ओढून काढायचं काम माझं न्हाय. माणसाला हात मी लावणार न्हाय. मामू म्हणले, लोक काय म्हणतील? मी म्हणलं, लोकांनी पण हात लावावा.

परवा सकाळी कांद्याचा ट्रक उभ्या कंटेनरवर आदळला. केबिन पार चेपली होती. मी आतला पत्रा आन स्टिअरिंग वर धरून ठेवलं आन हॉटेलातल्या पोरांना, शंभूकाकांना सांगितलं, सावकाश घ्या, घाई करू नका, मी सोडत न्हाय. त्यांनी ड्रायव्हरला अलगद बाहेर काढून लिंबाखाली चादरीवर ठेवला. कुठं नवीन मोडलं न्हाय. पण पोटातनं लई रक्त गेलं होतं. अँब्युलन्स नळदुर्गहून निघाली होती.

लोक कांदे गोळा करायला, रस्ता मोकळा करायला गेले. त्याच्याजवळ कुणी राहिलं न्हाय. नंबर प्लेट लई लांबची होती आन तो काय बोलत होता ते कुणालाच कळत नव्हतं. मी हात लावणार न्हाय म्हणलं होतं. पण तो हवेत हात फिरवून काहीतरी शोधत होता, म्हणून मी माझा दिला. त्यानं लई जोरात धरला. मी माझा नुसता तसाच ठेवला, मोकळा.

तेवढ्यात त्याच्या खिशात मोबाईल वाजला. काच आधीच तडकली होती. मी बोट जरासं टेकवलं आन फोन त्याच्या कानाला लावला. तिकडं एक बाई होती. त्याला आता बोलता येत न्हाय हे तिला कुठं ठाऊक? तिला वाटलं असंल गाडी चालवत ऐकतोय. ती आपली सांगत होती काहीतरी घरातलं. मागं भांडी वाजत होती. मधीच हसली. तो डोळे मिटून ऐकत होता, बाई. त्याच्या तोंडावरचं सगळं दुखणं सैल झालं. मग माझ्या हातावरची त्याची पकड पण सैल झाली.

ती बोलतच होती. मग थांबली. मग एकच शब्द परत परत म्हणायला लागली. ते त्याचं नाव असावं.

फोन बंद करून टाकावा असं मला वाटलं. मामू समोर आले, व्हिडिओ काढायला त्यांचा मोबाईल वर धरलेला होता, माझ्याकडं बघितलं आन तो खिशात घातला. मी फोन माझ्या कानाला लावला. म्हणलं, "बहनजी, रुको. किसी को बुलाओ." तिला हिंदी येत नव्हती. ती विचारत राहिली, मी पण तेच ते म्हणत राहिले, आन दोघींपैकी कुणीच फोन ठेवला न्हाय. शेवटी तिकडं कुणीतरी माणूस आला, त्याला येत होती. त्याला सगळं सांगितलं. जसं झालं तसं. तो मागं वळून त्यांच्या भाषेत बोलला आन मग मागनं जो आवाज आला तो मी ऐकला. कान काढला न्हाय.

लई येळानं त्या माणसानं विचारलं, "आप कौन बोल रहे हो? पुलिस?"

मी म्हणलं, "नहीं. मैं इनके पास बैठी हूँ."

युसरा